पूर्वेकडची मोकळी पट्टी

केडगाव
६ फेब्रुवारी १९७२

अहो,

सुखरूप पोचले. पुण्याहून गाडी उशिरा सुटली, पण बसायला जागा मिळाली. आत्याबाई फाटकातच उभ्या होत्या. "कसा हाय माझा कानिफ?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, जेवतात, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. खोटं बोलले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि दिवसभरात बोललात ती दोन वाक्यं. ती त्यांना सांगण्यासारखी नव्हती. इथंही पुरती लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

परत येऊ नको म्हणालात. बरं, नाही येत. पण पत्र लिहू नको असं काही म्हणाला नाहीत, म्हणून लिहिते.

मी निघताना त्या केरळच्या सिस्टरबाई वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, यांना चाकाच्या खुर्चीवर घरी सोडतील तेव्हा घरी सोय आहे का? मी पटकन हो म्हणाले. शिक्रापूरच्या पुढं गाडी आल्यावर मला घर डोळ्यापुढं दिसायला लागलं. जोतं कमरेएवढं उंच, समोर उभ्या दगडी पायऱ्या. न्हाणी मागच्या अंगणात, उघड्यावर. संडास त्याच्याही पलीकडं, ईशान्येच्या कोपऱ्यात. खुर्ची ओसरीतून मधल्या खोलीत जायची म्हटली तरी चौकट अरुंद. सोय कसली? तुम्ही लढाईतल्या सुरुंगावरून वाचून आलात आणि आपल्याच घराच्या पायरीशी अडकणार.

म्हणून मी ठरवलंय की पूर्वेच्या बाजूनं एक खोली काढायची. आप्पासाहेबांच्या भिंतीपर्यंत आपली जागा मोकळीच पडलीय. खोली आणि तिला लागून न्हाणी. जमिनीलगत घेतली म्हणजे पायऱ्याच नकोत.

तुमची परवानगी मागत नाही. कळवते आहे.

राही


केडगाव
२७ फेब्रुवारी

अहो,

मागचं पत्र मिळालं की नाही, कळलं नाही. मिळालं असं धरून पुढचं लिहिते.

राधाकृष्ण ओव्हरसियर येऊन गेले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून ते लोकांना घराचे नकाशे काढून देतात. फार कमी बोलतात. टेपचं एक टोक मला धरायला लावून सगळं घर मोजलं. मग पूर्वेच्या पट्टीत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, इथं काही होणार नाही."

मी विचारलं, का? जागा आपली आहे.

ते म्हणाले, "जागा तुमची, पण ही दहा फूट मोकळी ठेवायची. प्लॉट बिनशेती झाले तेव्हाच्या हुकुमात ती अट आहे. आम्ही याला सामासिक अंतर म्हणतो, मार्जिन."

मला हसू आलं. खरं म्हणजे हसू नव्हतं ते. हा शब्द मी आधी ऐकलाय, तुमच्याच तोंडून. तीन वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीवर होता आणि आप्पासाहेब आपल्या हद्दीला चिकटून कडब्याची शेड घालत होते, तेव्हा. वासे उभे राहिलेले. तुम्ही तो हुकुमाचा कागद घेऊन भिंतीशी गेलात. "आप्पासाहेब, मार्जिन म्हणजे मार्जिन. वाऱ्याला वाट पाहिजे, आणि उद्या तुमच्या कडब्यानं पेट घेतला तर आमची माणसं कुठून बाहेर पडायची?" त्यांनी खूप आदळआपट केली. गल्ली गोळा झाली. शेवटी वासे उतरवावे लागले. तेव्हापासून त्यांच्या घरच्या भागूबाई हळदीकुंकवालाही आपल्याकडं येत नाहीत.

आता ती दहा फूट मला पाहिजेत. कुठल्या तोंडानं मागू?

मी राधाकृष्णांना म्हटलं, मग मागे घ्या. ते मागे गेले, परत आले. मागे बरोबर घराच्या पाठीशी संडासाची सेफ्टी टाकी आहे, तिच्यावर खोली येत नाही. टाकी सोडून वायव्येला तुकडा उरतो, तोही मागचं अंतर सोडल्यावर एवढासा. पश्चिमेला घर आधीच रेषेवर आहे. पुढं रस्त्याची रेषा.

"घर चारी बाजूंनी बांधून घेतलंय," ते म्हणाले. आणि मग, "ज्यानं बांधलं त्यानं नियम मात्र एकही मोडलेला नाही."

हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आत्याबाई रोज विचारतात, पत्र आलं का. मी म्हणते टपाल उशिरा येतं.

राही


केडगाव
१५ मार्च

अहो,

तुम्ही उत्तर देत नाही. तुम्ही माझी पत्रं वाचून फाडून टाकता की काय, याचाही विचार मी आता सोडलाय. इथं जे झालं ते तुमच्या कानावर असायला पाहिजे म्हणून लिहिते.

आप्पासाहेब स्वतः आले. पायऱ्या चढून, ओसरीत, इतक्या वर्षांनी. आत्याबाई उठून आत निघाल्या होत्या. आप्पासाहेबांनीच थांबवलं.

"गोजराक्का, बसा. मला कळलं ओव्हरसियर येऊन गेले ते. त्या पट्टीत खोली काढायची म्हणताय ना? काढा. मी तक्रार करणार न्हाई. पाहिजे तर कागदावर सही देतो."

आत्याबाई रडायलाच लागल्या. "देवमाणूस हायेस रं बाबा," म्हणाल्या. मी चहा ठेवला. चहा घेताना ते पूर्वेच्या खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "झालं गेलं. त्यांच्यावर अशी येळ आली म्हटल्यावर आता कुठला नियम आन कुठलं काय."

ते चांगल्या मनानं बोलले. मला तरी का कोण जाणे, ते ऐकून तुम्ही हिशेबातूनच गेलात असं वाटलं. शेडच्या वेळी ते ओरडत होते तेव्हा मला त्यांची भीती वाटली नव्हती. आता वाटली.

राधाकृष्ण म्हणतात, शेजाऱ्याची संमती म्हणजे परवानगी नव्हे. ते नकाशा काढून देणार नाहीत, अडवायलाही येणार नाहीत. पण आत्याबाईंना धीर निघत नाही. त्यांनी पुंजाराम गवंड्याला बोलावलं. काल पूर्वेला चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, आज चर खणायला सुरुवात झाली. "तक्रार करनाराच न्हाई म्हनल्यावर कोन बगतंय?" असं त्यांचं म्हणणं.

मी नको म्हणाले नाही. तुम्हाला आणायचं आहे मला. कसंही करून.

राही


केडगाव
२६ मार्च

अहो,

तुमचं कार्ड आलं!

पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच घेतलं, त्यावर अजून डाग आहेत. अक्षर जरा वाकडं आलंय, पडून लिहिलं असेल. तुम्ही लिहिलंय:

"पूर्वेला एक वीट लावू नका. आप्पासाहेबांचे वासे मी उतरवले. आता मीच तिथं भिंत घालू? पाय गेले म्हणून नियम गेला नाही. जे बांधलं असेल ते काढा. कानिफनाथ."

आईची चौकशी नाही, माझी नाही. वर मायना नाही, शेवटी नाव तेवढं. नुसता राग. मी ते कार्ड तीनचार वेळा वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस असं लिहीत नाही.

पुंजारामाला मी त्याच दिवशी काम थांबवायला सांगितलं. खणलेली माती परत चरात लोटली. आत्याबाईंचं आणि माझं भांडण झालं. गल्लीनं ऐकलं.

"त्याला हितं आनायचाच न्हाई का तुला?" त्या म्हणाल्या. "माजं लेकरू इस्पितळात कुजतंय, आन ही नियम सांगती!"

मी म्हणाले, "मी नाही सांगत, तुमचं लेकरूच सांगतंय."

"डोकं फिरलंय त्याचं. आन तुजं बी."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीच आप्पासाहेबांकडं जाऊन सांगितलं. त्यांना लागलं. "म्हंजी माझी सही बी चालत न्हाई का त्यांना?" असं म्हणाले. मी म्हटलं, "आप्पासाहेब, तुमची म्हणून नाही. त्यांना कुणाचीच सूट नको आहे." ते कडब्याच्या पेंढ्या मोजत राहिले.

तर आता सांगा. पूर्वेला नको, पश्चिमेला नाही, पुढं रस्ता, मागं टाकी. मी सातवी शिकलेली बाई, मला घर बांधता येत नाही. घर तुम्ही बांधलंत. सोबत राधाकृष्णांनी काढलेला आराखडा पाठवते. चौकोनांच्या कागदावर आहे, एक चौकोन म्हणजे एक फूट. कुठं काय करू ते त्यावर लिहून पाठवा. पेन्सिल पाकिटात घातली आहे.

राही


केडगाव
२३ एप्रिल

अहो,

कागद मिळाला. राधाकृष्णांनी चष्मा पुसून पुसून तो पाहिला. मी बाजूला उभी होते. मग म्हणाले, "हे त्यांनी पडून काढलंय?"

मी म्हटलं, हो.

"खोली बाहेर काढायचीच कशाला, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं," म्हणाले.

तुम्ही म्हणता तसं सगळं त्यांना पटलंय. आहे ते स्वयंपाकघर टाकीला लागून, म्हणून न्हाणी आणि संडास तिथं आत घ्यायचे. पाइप दोन हात लागेल. स्वयंपाकघर काढायचं ते वायव्येच्या उरलेल्या तुकड्यात, मागची रेषा सांभाळून. आणि मधल्या खोलीची पूर्वेची खिडकी तोडून तिचं दार करायचं, फाटकापासून त्या दारापर्यंत लांब उतार घालायचा. तो मात्र पूर्वेच्याच पट्टीत येतो. मला तेच कळेना. मी विचारलं, मग हे चालतं का?

राधाकृष्ण म्हणाले, "वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. उघड्या पायऱ्या आणि उघडा उतार याला बांधकाम धरत नाहीत. चार फूट उतार, सहा फूट मोकळं राहतंच. वाऱ्याची वाट तशीच राहिली." आणि मग, "त्यांनी घर बांधताना ती जागा राखली नसती तर आज उताराला जागाच नव्हती."

एका फुटाला बारा फूट उतार, हे कुठून काढलंत असं ते विचारत होते. मी म्हटलं, इस्पितळातल्या उतारावर खुर्ची चालवून पाहिली असेल. तसंच ना? म्हणजे तुम्ही खाटेवरून उतरलात. हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण आकड्यातून कळलं.

आत्याबाई आता बोलतात, पण स्वयंपाकघरावरून नाराज आहेत. "माज्या चुलीच्या जागी संडास? माजं मडकं, माजी उतरंड, कुठं ठेवू?" त्या तुकड्यात त्या जाऊन बसून आल्या, हात लांबवून पाहिलं. "दोगी आत गेलो तर एकीला भाईर यावं लागल." मी म्हणाले, मी बाहेर बसून भाजी निवडीन. "आन पावसात?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पावसाचं बघू तवा." कबूल झाल्या असं धरा.

आता माझं एक ऐका. मी पाठवलेल्या आराखड्याच्या कडेला नव्या न्हाणीचा नमुना काढला होता, तिचं दार आत उघडतं असं दाखवलं होतं. तुम्ही त्यावर मोठी फुली मारून लिहिलंत, "खुर्ची आत गेली की हे दार लागेल कसं? जरा डोकं चालवा." राधाकृष्णांनी मला ते आधीच सांगितलं होतं. मी तसंच राहू दिलं. तुम्हाला काहीतरी चूक सापडावी म्हणून.

पक्का नकाशा सोबत आहे. बघून परत पाठवा, मग तो नगरला कचेरीत द्यायचा.

राही


केडगाव
१४ मे

अहो,

नकाशा परत आला. उतार बरोबर, दारं बरोबर, स्वयंपाकघराची खिडकी तुम्ही उत्तरेची पश्चिमेला नेलीत तेही आत्याबाईंना आवडलं. पण मधल्या खोलीत मी जी नवी भिंत दाखवली होती तिच्यावर तुम्ही दोन रेघा मारल्यात आणि लिहिलंय, "ही भिंत कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राधाकृष्णांना ती भिंत मी घालायला सांगितली. अलीकडं तुमची खाट, पलीकडं मी आणि आत्याबाई. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, "परत येऊ नको. सोनईला जा, तुझं अजून वय आहे, मूलबाळ नाही, मोकळी आहेस." तीच दोन वाक्यं. आता लिहिलीच. सोनईला माझा भाऊ आहे, भावजय चांगली आहे, मला जाता आलं असतं. मी गेले नाही. पण तुम्हाला मी नको असले तर तुमच्या खोलीत कुठल्या हक्कानं झोपू? म्हणून भिंत.

ही गोष्ट मी आत्याबाईंपासून लपवली होती. परवा नकाशा पाहताना त्या म्हणाल्या, "ही रेग कसली?" आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. मला वाटलं त्या रडतील. त्या उठल्या, घागर उचलली, परत खाली ठेवली.

"त्यो म्हनला आन तू भिंत घातली? मला इचारलंस का? त्याला इचारलंस का, का रं बाबा असं म्हनतोस म्हून?"

"त्यांनी तोंडच फिरवलं होतं."

"मग तोंडाच्या बाजूला जायचं हुतं."

मी गेले नाही, हे खरं. मी खाटेच्या पायथ्याशीच उभी राहिले. जिथं पांघरूण सपाट होतं तिथं. मला तिकडं बघवत नव्हतं आणि तुमच्याकडं यायचं धाडस होत नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, मी किळस केली. किळस नव्हती. मला काय करायचं ते कळत नव्हतं, एवढंच.

तेव्हा आता पेन्सिलीच्या रेघांवर माझं भागणार नाही. भिंत हवी की नको, ते शब्दांत लिहा. तुमचं उत्तर येईपर्यंत नकाशा कचेरीत देणार नाही. घराला उशीर झाला तर होऊ दे.

राही


केडगाव
११ जून

अहो,

तुमचं पत्र पोळपाटाखाली ठेवलं होतं, आत्याबाई निजल्यावर वाचायचं म्हणून. पण तेवढा दम निघाला नाही.

तुम्ही लिहिलंय: "मला रात्री कळा येतात. नसलेल्या पायात येतात. मी ओरडतो, वॉर्डातले लोक उठतात. तुला नीट झोप मिळणार नाही. मला उचलावं लागेल, पुसावं लागेल. तुझं रूप, तुझं वय यात जाऊ नये असं वाटलं म्हणून बोललो. त्या दिवशी तू गाडीला गेलीस आणि मी रात्रभर जागा होतो. भिंत नको. पण तुला पाहिजे असली तर राहू दे."

मला नको आहे. ओरडलात तर मी उठेन. रोज उठेन असं वचन देत नाही, एखाद्या दिवशी दमून झोप लागेल आणि ऐकूच येणार नाही, तेव्हा तुम्ही रागवायचं नाही. बाकी ठरलं.

नकाशावरची भिंत राधाकृष्णांनी ब्लेडनं खरवडून काढली. कचेरीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला भेटले. त्यांनी उतारावर बोट ठेवलं, "हे काय? मार्जिनमध्ये?" राधाकृष्णांनी समजावून सांगितलं. साहेबांनी विचारलं, कुणासाठी? सांगितल्यावर ते म्हणाले, "मग थोडं छप्पर टाका ना वर, पावसात भिजतील. मी बघून न बघितल्यासारखं करतो." राधाकृष्ण माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "नको. छप्पर टाकलं तर ते घरी येणार नाहीत." साहेब हसले आणि सही केली.

काम सुरू झालंय. पाऊस मात्र नाही. मृग कोरडा चाललाय. आपल्या विहिरीत बादली बुडत नाही. भिंती उठतायत पण त्यांना पाणी मारायला हवं, उताराच्या काँक्रिटला तर आठवडाभर ओलं ठेवायला लागेल म्हणतात. पुंजाराम म्हणाला, पाणी नसलं तर मी काँक्रिट टाकत नाही, भेगा पडल्या तर नाव माझं जाईल.

आता यात काय करायचं, तुम्हीच म्हणा.

राही


केडगाव
९ जुलै

अहो,

उतार झाला. भेग नाही.

पाणी आप्पासाहेबांनी दिलं. त्यांची विहीर खोल आहे, अजून पाझर आहे. मी मागायला गेले नव्हते. पुंजारामानं काँक्रिट लांबवल्याचं त्यांना भिंतीवरून ऐकू आलं असावं. सकाळी त्यांनी आपल्या मोटरीचा पाइप भिंतीवरून या बाजूला टाकला आणि मला हाक मारली.

"वैनी, ही काय सूट न्हाई. पाणी हाय. पाण्याला कुठला नियम आडवा येतो का, ते इचारा त्यांना."

मी म्हटलं, नाही येत.

"मग धरा पाइप."

गोणपाटं भिजवून आम्ही उतारावर अंथरली. दिवसातून दोनदा ते स्वतः पाणी सोडायचे. तिसऱ्या दिवशी भागूबाई भिंतीपाशी आल्या आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "गोजराक्का, तुमचं गोणपाट तिकडं सरकलंय." इतक्या वर्षांत पहिलं वाक्य. आत्याबाईंनी गोणपाट सरळ केलं आणि तिथंच बसून दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय ते मला कळलं नाही, मी आत होते.

आप्पासाहेबांनी एकदा उतार हातानं चाचपून पाहिला. मला म्हणाले, "तवा मला लई राग आला हुता. शेड झाली असती तर आज ह्या उताराला खेटून कडबाच असता." मी म्हटलं, चहा घ्या.

तुम्हाला ऑगस्टमध्ये रजा मिळणार, असं सिस्टरबाईंनी लिहिलंय. पुढं पाय बसवण्यासाठी परत जावं लागेल तेही कळलं. दहा दिवस तर दहा दिवस.

राही


केडगाव
२० ऑगस्ट

अहो,

तुम्ही गेलात आणि घर मोठं वाटायला लागलं. स्वयंपाकघर सोडून.

तुम्ही आलात त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. तुम्ही पुढं बघत होता, तुम्हाला दिसलं नाही. टॅक्सीतून उतरून खुर्चीत बसलात, आणि पुंजाराम ढकलायला पुढं झाला तेव्हा "कुणी हात लावायचा नाही" म्हणालात. सगळे मागं सरकले. आत्याबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन समोरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्यांना कितीदा सांगितलं होतं की तुम्ही बाजूच्या दारानं येणार, पण लेक घरात येतो तो पुढच्याच दारानं, असं त्यांच्या मनात पक्कं. तुम्ही उताराला लागलात तशा त्या पायऱ्या उतरून पळत कोपऱ्यावर आल्या. पळत. पाणी निम्मं सांडलं.

मध्यावर तुम्ही थांबलात. हात दमले होते. खुर्ची दोन बोटं मागं आली आणि माझा जीव गेला. मी पाऊल टाकलं, तर आत्याबाईंनी माझा पदर धरला. घट्ट धरून ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पांगूळगाडा धरून पयल्यांदा चालला तवा बी मी अशीच उबी हुते. हात लावला असता तर रडला असता."

भिंतीपलीकडं आप्पासाहेब होते. तुम्ही दारात पोचून खुर्ची वळवलीत तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. तुम्ही म्हणालात, "आप्पासाहेब, सहा फूट सोडलंय." ते म्हणाले, "मोजलंय मी."

रात्रीचं मी काही लिहीत नाही. तिसऱ्या रात्री मला झोप लागली आणि तुम्ही हाक मारली नाहीत, ते मात्र मला आवडलं नाही. पुढच्या वेळी मारायची.

राही


केडगाव
२४ सप्टेंबर

अहो,

तुम्ही सांगितलं होतं तसं तुमच्या वॉर्डातल्या श्रीमंतच्या गावी जाऊन आले. पाथर्डीला एस.टी. बदलली, तिथून पुढं दुसरी, मग चालत.

गावात तुम्ही समजता तसं काही नाही. मार्जिन वगैरे शब्द कुणाला माहीत नाही. घराला घर, भिंतीला भिंत, दोन घरांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. श्रीमंतचं घर दोन खणी, मातीच्या धाब्याचं. अंगण दुष्काळानं भेगाळलंय. त्याची आई दगडाबाई खडी फोडायच्या कामावर गेल्या होत्या, त्यांची वाट बघत मी दारात बसले. आल्या त्या हातात हातोडा आणि डोक्यावर टोपलं घेऊन. मी कोण ते सांगितलं. तुमच्या लेकाच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको, म्हटलं.

त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग उभ्या उभ्याच विचारलं, "बाई, खरं सांग. किती ऱ्हायलाय त्यो?"

श्रीमंतनं त्यांना फक्त "पायाला लागलंय" एवढंच लिहिलंय. तुम्ही मला हे सांगितलं नव्हतं. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल.

मी त्यांच्या शेजारी गेले, अगदी जवळ, आणि सांगितलं. उजवा पूर्ण, डावा घोट्यापासून. हात शाबूत, नजर शाबूत, बोलतो, हसतो, पत्ते खेळताना फसवतो. त्या ऐकत राहिल्या. हातोडा अजून हातातच होता. म्हणाल्या, "मग त्यो का येत न्हाई? मला खरं का लिवत न्हाई?"

मी म्हटलं, त्याला वाटतंय घरात आपल्याला जागा होणार नाही.

"ह्या घरात?" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "चार पोरं ह्या घरात वाढली. जागा न्हाई?"

मी पिशवीतून टेप काढला. त्यांना म्हणाले, ही मोजायची पट्टी, आपण मापं घेऊ, आमचे हे तिकडं बसून नकाशा काढतील. त्यांनी हातोडा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि टेपचं टोक चिमटीत धरलं. चौकट मोजली, उंबरा मोजला, अंगण मोजलं. प्रत्येक भिंतीपाशी त्या विचारायच्या, "हितं त्याचं अंथरूण बसल? आन हितून त्याला भाईर दिसल?" मी लिहून घेत होते.

मापं सोबत आहेत. उंबरा फार उंच आहे, तो त्या काढायला तयार आहेत. पाणी विहिरीवरून आणतात, म्हणून न्हाणी दाराजवळ असलेली बरी. मागची भिंत भावकीची आहे, तिला हात लावता येणार नाही. बाकी कुठं काय घ्यायचं ते तुम्ही आणि श्रीमंत मिळून ठरवा. पण कागद आधी त्याच्या हातात द्या, आणि सांगा की टेपचं दुसरं टोक त्याच्या आईनं धरलं होतं.

राही